धावपट्टी बंद का ठेवतात? विमानाच्या चाकांखाली काय घडतं, ते समजून घेऊया

पावसाळा जवळ आला की मुंबई विमानतळाच्या दोन्ही धावपट्ट्या अमुक दिवशी सहा तास बंद राहणार, अशी बातमी दरवर्षी येते. २०२४ मध्ये ९ मे रोजी सकाळी ११ ते संध्याकाळी ५ अशी धावपट्टी बंद होती. पाऊस ओसरल्यावर १७ ऑक्टोबरला पुन्हा तसंच झालं. दिवसाला नऊशेहून अधिक विमानांची ये-जा असलेल्या विमानतळावर सहा तास म्हणजे शेकडो उड्डाणांची वेळ बदलणार, तिकिटं पुढे-मागे होणार. अशा वेळी लोक वैतागून विचारतात, इतके पैसे घेतात, मग एक सपाट रस्ता नीट ठेवता येत नाही का?

प्रश्न रास्तच आहे. पण त्यातला ‘रस्ता’ हा शब्द फसवा आहे. धावपट्टी दिसते रस्त्यासारखी, पण तिच्याकडून जे काम करून घेतलं जातं ते रस्त्याला झेपणारं नाही. टर्मिनलच्या काचा आणि दुकानं आपण कौतुकाने बघतो. विमानतळाचा जो भाग रोज सगळ्यात जास्त सोसतो, तो मात्र आपल्याला खिडकीतून काही सेकंदच दिसतो.

वजन किती, आणि ते टेकतं कुठे?

आपण नेहमी बसतो ते एअरबस ए-३२० प्रवासी, सामान आणि इंधनासह ७८-७९ टनांपर्यंत जातं. यातला नव्वद टक्क्यांहून जास्त भार पंखांखालच्या दोन पायांवर असतो आणि प्रत्येक पायाला फक्त दोन चाकं असतात. म्हणजे एकेका चाकावर साधारण १८ टन. आपल्याकडे मालट्रकच्या चार टायरांच्या मागच्या आसाला साडेअकरा टनांची परवानगी आहे, म्हणजे टायरमागे तीन टनांच्या आत. लांब पल्ल्याचं बोइंग ७७७-३००ईआर पूर्ण भरलं की ३५१ टनांचं होतं. त्याला मुख्य चाकं बारा असतात, तरीही एका चाकावर २७ टन येतात.

त्यात टायरमधला हवेचा दाब. मोटारीच्या टायरमध्ये ३२-३३ पीएसआय हवा असते, ट्रकमध्ये शंभराच्या वर, आणि या विमानांमध्ये दोनशेच्या आसपास किंवा त्याहून जास्त. दाब जितका जास्त, तितकी टायरची जमिनीला टेकणारी जागा लहान. एवढं वजन जेमतेम मोठ्या ताटाएवढ्या जागेतून जमिनीत उतरतं.

रस्त्यांच्या अभ्यासात एक नियम प्रसिद्ध आहे. अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यात १९५८ ते १९६० या काळात खास बांधलेल्या रस्त्यांवर ट्रक सतत फिरवून तो काढला गेला. भार दुप्पट झाला की रस्त्याचं नुकसान दुप्पट होत नाही, साधारण सोळापट होतं. विमानतळाला हे गणित जसंच्या तसं लागू होत नाही, तिथली आकडेमोड वेगळी असते. पण दिशा तीच. थोडं वजन वाढलं तरी झीज फार वाढते.

डांबराच्या खाली काय असतं?

चिखलातून जाताना आपण फळी टाकतो. फळी चिखलाला घट्ट करत नाही, आपलं वजन जास्त जागेवर पसरवते, म्हणून पाय रुतत नाही. धावपट्टीचंही काम नेमकं तेवढंच आहे: वरचा प्रचंड, एकवटलेला भार खालच्या मातीपर्यंत पोचताना इतका पसरवायचा की माती दबू नये.

त्यासाठी थर असतात. सगळ्यात खाली दाबून घट्ट केलेली मूळ माती किंवा भराव, त्यावर मुरूम आणि खडी, त्यावर खडी-डांबराचे थर, आणि वर झीज सोसणारा शेवटचा थर. मोठ्या विमानतळावर ही सगळी जाडी मीटरभराच्या घरात जाऊ शकते. अभियंते या सगळ्याला मिळून ‘पेव्हमेंट’ म्हणतात. वरून काळं दिसतं ते या पेव्हमेंटचं नुसतं पांघरूण. त्यामुळे वर तडा दिसला तर पहिला प्रश्न असतो की तो वरच्या थरातच आहे, की खालून आला आहे. वरचा असेल तर वरचा थर खरवडून नवा टाकता येतो. खालून आलेला असेल तर वर कितीही डांबर ओता, दोन पावसाळ्यांत तो पुन्हा डोकं वर काढतो.

हे शहाणपण ठेच लागून आलं. १९४१ मध्ये कॅलिफोर्नियातल्या सांता मोनिका इथल्या क्लोव्हर फील्ड विमानतळावर डग्लस कंपनीने एक्सबी-१९ नावाचं अवाढव्य बॉम्बफेकी विमान कारखान्याबाहेर काढलं. त्याचं वजन सत्तर टनांच्या घरातलं. त्याच्या चाकांनी तिथली फरसबंदी फोडली. तोवर धावपट्टीची जाडी बरीचशी अनुभवावर आणि अंदाजावर ठरायची. महायुद्ध दाराशी आलेलं, जगभर धावपट्ट्या बांधायच्या होत्या. अमेरिकी लष्कराच्या अभियंत्यांनी मग कॅलिफोर्नियाच्या रस्ते विभागात ओ. जे. पोर्टर यांनी विकसित केलेली मातीची चाचणी उचलली आणि विमानांच्या वजनासाठी वाढवली. तीच सीबीआर (कॅलिफोर्निया बेअरिंग रेशो) चाचणी, म्हणजे माती किती भार पेलते त्याचं माप. आपल्याकडे गावच्या रस्त्याच्या कामावरही आज सीबीआर किती, असं विचारतात, ते याच वाटेने आलेलं आहे.

वेगाने जाणारं विमान की उभं विमान?

बहुतेकांना वाटतं, सगळ्यात जास्त मार धावपट्टीवर विमान आदळतं तिथे बसत असेल. प्रत्यक्षात जमिनीला जास्त जाच होतो तो हळू चालणाऱ्या आणि थांबलेल्या विमानाचा.

याची दोन कारणं आहेत. उड्डाणाच्या वेळी वेग वाढतो तसे पंख वजन उचलायला लागतात, चाकांवरचा भार कमी होत जातो. त्यामुळे धावपट्टीचा मधला भाग टोकांपेक्षा थोडा पातळ ठेवला तरी चालतो. दुसरं कारण डांबराच्या स्वभावातलं. डांबरावर क्षणभर भार आला तर ते ताठ राहतं. तोच भार बराच वेळ राहिला तर ते हळूहळू सरकतं, खचतं. ऊन असेल तर आणखी लवकर. इंधन भरून, प्रवासी घेऊन, रांगेत थांबत, माणूस पळेल इतक्या वेगाने पुढे सरकणारं विमान टॅक्सीवेला सगळ्यात जड जातं. टॅक्सीवे म्हणजे विमान उभं राहतं त्या जागेपासून धावपट्टीपर्यंतचा रस्ता.

शिवाय टॅक्सीवेवर पिवळी रेघ असते. प्रत्येक वैमानिक पुढचं चाक त्या रेघेवर ठेवतो, तसंच ठेवायचं असतं. परिणामी हजारो विमानांची मागची चाकं त्याच दोन पट्ट्यांवरून जातात. तिथे चाकोरी पडते. चाकोरीत पाणी साचतं. पुढचं सांगायला नको.

जुलै २०१२ मध्ये वॉशिंग्टनच्या रेगन विमानतळावर पारा ३८ अंश सेल्सियसच्या आसपास होता. जेमतेम पन्नास आसनांचं छोटं जेट निघायच्या तयारीत होतं, पण त्याची चाकं उन्हाने मऊ झालेल्या डांबरात काही इंच रुतली. विमान ओढणाऱ्या नेहमीच्या वाहनाने, म्हणजे टगने, ते हलेना, प्रवाशांना उतरवलं, मोठं वाहन आणून विमान बाहेर ओढावं लागलं. विमान मोठं नव्हतं, वेगातही नव्हतं. ऊन आणि उभा भार, एवढं पुरलं.

इथे नागपूरकर विचारतील, आमच्याकडे मे महिन्यात ४५ अंश होतात, मग रोज विमानं रुतायला हवीत! रुतत नाहीत, कारण डांबर प्रदेशाच्या तापमानाप्रमाणे निवडतात. गरम प्रदेशात जास्त घट्ट प्रतीचं किंवा पॉलिमर मिसळलेलं डांबर वापरतात, थंड देशात मऊ, नाहीतर ते हिवाळ्यात तडकेल. म्हणूनच लंडनजवळच्या ल्युटन विमानतळावर जुलै २०२२ मधल्या विक्रमी उष्म्यात धावपट्टीचा पृष्ठभाग उचलला गेला आणि काही तास उड्डाणं थांबली. तिथल्या धावपट्टीने तसं ऊन कधी पाहिलेलंच नव्हतं. आणि विमान तासन् तास जिथे उभं राहतं त्या जागा, ज्यांना एप्रन म्हणतात, त्या मोठ्या विमानतळांवर बहुधा काँक्रीटच्याच असतात. सांडलेलं विमानाचं इंधनही डांबर विरघळवतं, हे त्यामागचं आणखी एक कारण.

खरा शत्रू पाणी

वजनासाठी धावपट्टी बांधलेलीच असते. तिला आतून पोखरतं ते पाणी, आणि मुंबईत चार महिने त्याला तोटा नाही.

बारीक तड्यातून पाणी आत जातं. खडी आणि डांबर यांची पकड ते सोडवतं. वरून चाक गेलं की आत अडकलेलं पाणी दाबलं जातं, वाट मिळेल तिथून जोरात बाहेर येतं आणि येताना बारीक माती घेऊन येतं. काँक्रीटच्या दोन लाद्यांमधल्या सांध्यातून असं गढूळ पाणी उडताना दिसलं, की जाणकार समजतात, लादीखाली पोकळी होते आहे. मग ती लादी विमान गेलं की किंचित डुलते आणि एक दिवस तिचा कोपरा तुटतो. तुटलेल्या कोपऱ्याचा तुकडा इंजिनात ओढला गेला तर आतली पाती निकामी होऊ शकतात. बोइंग ७३७ चं इंजिन जमिनीपासून जेमतेम अर्धा मीटर वर असतं. रस्त्यावरची सुटी खडी आपल्या मोटारीची काच फोडेल, इथे ती अख्खं उड्डाण धोक्यात आणते. म्हणून मोठ्या विमानतळांवर दिवसातून किमान दोनदा, बहुतेक ठिकाणी त्याहून जास्त वेळा, गाडी घेऊन धावपट्टीची पाहणी होते आणि दगड, खिळा, तुकडा जे दिसेल ते उचललं जातं.

पृष्ठभागावरच्या पाण्याची गोष्ट वेगळी. उतरताना थांबलेलं चाक एका क्षणात अडीचशे किलोमीटरच्या वेगाने फिरायला लागतं. रबर जळतं, त्याचा थर धावपट्टीवर चिकटतो आणि पाणी काढून देणाऱ्या बारीक खाचा बुजतात. मग टायर आणि जमीन यांच्यामध्ये पाण्याचा पडदा राहतो आणि ब्रेक लागत नाहीत. मेमधल्या त्या सहा तासांत उच्च दाबाच्या पाण्याने हे रबर काढणं, तडे भरणं, कडेचे आणि जमिनीतले दिवे तपासणं अशी कामं होतात. पाऊस पडायच्या आत ती झाली नाहीत, तर नंतर चार महिने करता येत नाहीत.

धावपट्टीबाहेरची माती किती दुबळी असते, हे मुंबईने १ जुलै २०१९ च्या रात्री पाहिलं. धो धो पावसात जयपूरहून आलेलं बोइंग ७३७ मुख्य धावपट्टी ओलांडून पुढच्या गवतात गेलं आणि चिखलात रुतून बसलं. ते बाहेर काढून धावपट्टी पूर्ववत व्हायला चार दिवसांच्या आसपास लागले. चाकांखाली ती ‘फळी’ नसेल तर विमानाचं काय होतं, हे त्या चार दिवसांत कळलं.

एखादाच टॅक्सीवे बंद पडला तर काय बिघडतं?

हा भाग बातम्यांमध्ये जवळजवळ येतच नाही, आणि प्रवाशाला उशीर बहुतेकदा इथूनच होतो.

मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी प्रत्यक्षात एकच वापरली जाते. गर्दीच्या तासाला तिथे ४६ विमानं हलवण्याची सोय आहे. हिशेब करा: एका विमानाच्या वाट्याला ७८ सेकंद. उतरलेलं विमान धावपट्टीवरून चटकन बाजूला व्हावं म्हणून तिरके बाहेर पडण्याचे रस्ते असतात, त्यांत विमान वेग फारसा न कमी करता वळतं. असा एक रस्ता दुरुस्तीसाठी बंद झाला, तर विमानाला पुढच्या फाट्यापर्यंत जावं लागतं. त्यात वीस सेकंद जरी गेले तरी मागच्या विमानातलं अंतर वाढवावं लागतं, त्याच्या मागच्याचंही. तासाभरात काही विमानं आकाशात घिरट्या घालत राहतात.

काही ठिकाणी टॅक्सीवे पूर्ण बंद होत नाही. फक्त जड विमानांना मनाई होते, किंवा स्वतःच्या इंजिनावर न चालता टगने ओढून न्यायला सांगतात. छोट्या विमानतळांवर समांतर टॅक्सीवे नसतो. तिथे विमान धावपट्टीच्या टोकाला जाऊन जागेवर वळतं आणि त्याच धावपट्टीवरून परत येतं. अशा जागेवरच्या वळणात आतली चाकं जवळजवळ न फिरता पृष्ठभाग पिळतात. धावपट्टीच्या टोकाला ओरखडलेला, सुट्या खडीचा भाग दिसतो तो त्यामुळेच.

रस्त्याचा खड्डा तासात भरतात, इथे इतका वेळ का?

कारण इथे ठिगळ चालत नाही. धावपट्टीच्या नव्या पृष्ठभागावर तीन मीटर लांबीची सरळ पट्टी कुठेही, कोणत्याही दिशेने ठेवली, तर खाली तीन मिलिमीटरपेक्षा जास्त फट नको, असा आंतरराष्ट्रीय दंडक आहे.

दुसरी अडचण कामाच्या रोजच्या शेवटाची. समजा, पाच सेंटिमीटर जाडीचा नवा थर टाकायचं काम चालू आहे आणि आजची वेळ संपली. नवा थर जिथे थांबला तिथे पाच सेंटिमीटरची पायरी राहणार. ताशी अडीचशे किलोमीटरने येणाऱ्या चाकाला ती पायरी भिंतीसारखी लागेल. म्हणून तिथे तात्पुरता उतार करावा लागतो, आणि तो अर्धा ते एक टक्काच असू शकतो. म्हणजे एवढ्याशा पायरीसाठी पाच ते दहा मीटर लांब उतार, अख्ख्या रुंदीभर. दुसऱ्या दिवशी तो खरवडून काढायचा आणि पुढे सुरुवात करायची. त्याआधी यंत्रं आणायची, डांबर गरम असतानाच दाबायचं, थंड होऊ द्यायचं, पट्टे रंगवायचे, झाडून काढायचं, तपासायचं आणि शेवटचा माणूस, शेवटचं यंत्र बाहेर गेल्याची खात्री करायची. सहा तासांतले प्रत्यक्ष कामाचे किती उरतात, ते यावरून लक्षात येईल.

रात्री का करत नाहीत? अनेक विमानतळांवर रात्रीच करतात. मुंबईत रात्रही रिकामी नसते, परदेशी उड्डाणं तेव्हाच असतात. दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात तो चौक दुरुस्त करायचा तर दोन्ही थांबवाव्या लागतात. २०१९ मध्ये ७ फेब्रुवारी ते ३० मार्च या काळात मंगळवार, गुरुवार, शनिवार रोज सहा तास बंद ठेवून तेच केलं गेलं. पुण्यात एकच धावपट्टी, तीही हवाई दलाची. तिथे आधी वर्षभर रात्रीची उड्डाणं थांबवून काम झालं, तरी १६ ते २९ ऑक्टोबर २०२१ असे चौदा दिवस विमानतळ पूर्ण बंद ठेवावा लागला.

मग सगळंच काँक्रीटचं का करत नाहीत?

काँक्रीटला पुरेसं बळ यायला दिवस लागतात. डांबराचा थर थंड झाला की काही तासांत विमान घेता येतं. नवा विमानतळ बांधताना काँक्रीटचा विचार सहज करता येतो. चालू विमानतळाला तेवढी सुट्टी कोण देणार? शिवाय काँक्रीटला सांधे असतात, ते भरत राहावे लागतात, आणि लादी फुटली की ती पूर्ण काढावी लागते. दोन्हींचे आपापले त्रास आहेत.

एक्स्प्रेसवेवर लढाऊ विमान उतरतं, हाही आक्षेप येतो. मे २०१५ मध्ये यमुना एक्स्प्रेसवेवर हवाई दलाचं मिराज-२००० उतरलं आणि ऑक्टोबर २०१७ मध्ये आग्रा-लखनऊ एक्स्प्रेसवेवर सी-१३०जे हे मालवाहू विमानही. पण एका सरावात काही विमानं आणि वर्षानुवर्षं दिवसाला शेकडो, यात फरक आहे. एकदा सोसणं वेगळं आणि रोज सोसणं वेगळं.

कोणतं विमान कुठे चालेल, हे कसं ठरवतात?

प्रत्येक धावपट्टीला ताकदीचा एक आकडा दिलेला असतो आणि प्रत्येक विमानाला जाचाचा. विमानाचा आकडा धावपट्टीच्या आकड्यापेक्षा कमी असला की ते नियमित वापरता येतं. किंचित जास्त असेल तर क्वचित चालवून घेतात. जुनी पद्धत १९८० च्या दशकात आली होती. नोव्हेंबर २०२४ पासून नवी पद्धत लागू झाली, तिच्यात माती आणि थर भाराखाली किती वाकतात याचा हिशेब जास्त बारकाईने होतो. ते मोजायला गाडीवरून वजन आदळतात आणि जमीन किती मायक्रॉन दबली ते बघतात.

आकडा ओलांडला तर धावपट्टी त्याच दिवशी फुटत नाही, तिचं आयुष्य कमी होतं. एप्रिल २०१५ च्या भूकंपानंतर काठमांडूला जगभरातून मदत घेऊन अवजड विमानं येऊ लागली. तिथली एकुलती एक धावपट्टी मध्यम विमानांसाठी बांधलेली. काही दिवसांतच तिला तडे दिसू लागले आणि मे महिन्याच्या सुरुवातीला मोठ्या विमानांना बंदी करावी लागली. मदतीचीच विमानं अडवायची हा निर्णय किती कठीण असेल! पण ती धावपट्टी गेली असती तर देशात येणारी सगळीच हवाई मदत थांबली असती.

नवी मुंबईत काय बघायचं?

नवी मुंबई विमानतळावरून डिसेंबर २०२५ मध्ये उड्डाणं सुरू झाली. ही जागा खाडीकाठची, दलदलीची. उलवे टेकडी फोडली, नदीचा प्रवाह वळवला आणि खारजमिनीवर भराव घातला. अशी माती आतलं पाणी हळूहळू सोडते आणि वर्षानुवर्षं थोडी थोडी बसत राहते. सगळीकडे सारखी बसली तर फारसं बिघडत नाही. एक भाग जुन्या खडकावर आणि शेजारचा भरावावर असेल, तर त्यांच्या सीमेवर फरक पडतो आणि तडा तिथेच येतो. अभियंत्यांना हे माहीत असतं, म्हणूनच बांधण्याआधी जमिनीतलं पाणी काढून ती दाबतात आणि नंतरही ठरावीक ठिकाणी तिची पातळी मोजत राहतात.

ती मोजमापं लोकांसमोर यायला हवीत, असं मला मनापासून वाटतं. किती प्रवासी आले, किती दुकानं उघडली हे आकडे आपल्याला दर महिन्याला कळतात. पहिल्या दोन-तीन पावसाळ्यांत तिथे जमीन कुठे किती बसली, टॅक्सीवेच्या कोणत्या भागाची किती वेळा दुरुस्ती झाली, हेही कळलं तर दुरुस्तीसाठी धावपट्टी बंद ठेवल्याची बातमी वाचताना निदान तिचं कारण आपल्याला आधीच ठाऊक असेल.